केसपेपरवर एक ओळ वाढवा

प्रति,
नागपुरातले मानसोपचारतज्ज्ञ, वॉर्डातल्या सिस्टर, समाजसेवा अधीक्षक आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करणारी सर्व मंडळी यांना

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आईला मानसोपचाराच्या ओपीडीत तपासणीला घेऊन आले होते. समोरच्या बाकावर तिशी-पस्तिशीची एक बाई बसली होती, नजर जमिनीवर लावून. शेजारी दहा-अकरा वर्षांचा मुलगा, अंगात शाळेचा गणवेश. त्याच्या एका हातात केसपेपर आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. नंबर पुकारला तसा तो उठला, आईच्या कोपराला धरून तिला आत घेऊन गेला. दार अर्धवट उघडं होतं. आतून प्रश्न ऐकू आला, "मोठं कोणी नाही आलं का सोबत?"

"मीच आहे," मुलगा म्हणाला.

पाच-सात मिनिटांत ते बाहेर आले. त्याच्या हातात नवी चिठ्ठी होती. त्याच्याशी आत जे काही बोललं गेलं ते मी ऐकलं, एकच वाक्य होतं: "गोळ्या वेळेवर देत जा." चिठ्ठी उलटसुलट करत तो औषधांच्या खिडकीकडे गेला, आणि त्याची आई भिंतीला टेकून उभी राहिली.

बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वी तो मुलगा मी होते. म्हणून हे पत्र.

मी त्रेचाळीस वर्षांची आहे, मानेवाड्याकडे राहते, नोकरी करते. माझ्या आईला बायपोलरचा, म्हणजे मन कधी फार उसळतं तर कधी पार खचतं त्या आजाराचा, पहिला झटका १९९१च्या उन्हाळ्यात आला. मी नऊ वर्षांची होते, भाऊ पाचचा. तेव्हा हा शब्द आमच्या घरात नव्हताच. बाबा 'डोक्याचा त्रास' म्हणायचे, आजी 'बाहेरचं' म्हणायची आणि गल्लीतली पोट्टी 'पागल' म्हणायची. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात होते, शिफ्ट ड्युटी. महिन्यातले निम्मे दिवस रात्री घरात आई, मी आणि भाऊ. ड्युटीला निघताना चप्पल घालत बाबा म्हणायचे, "आईकडे पाहशील गं." हो म्हणायचे. पाहायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांनाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

कोराडीकडे जाणारी बस प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकातून जायची. त्या चौकाला सगळं नागपूर आजही पागलखाना चौक म्हणतं. कंडक्टर मोठ्यानं तेच नाव पुकारायचा आणि मी सीटवर आवळून बसायचे. आईला तिथे कधी नेलं नव्हतं, तिचे उपचार दुसरीकडे होते, पण हा आवाज आमच्याचसाठी आहे असं मला वाटायचं. १८६४ सालचं ते रुग्णालय. संत ताजुद्दीन बाबांना १८९२ पासून कितीतरी वर्षं तिथेच ठेवलं होतं, आणि रघुजीराजे भोसल्यांनी १९०८ मध्ये त्यांना बाहेर काढलं, ही गोष्ट नागपूरच्या घराघरात माहीत आहे. बस तिथून गेली की माझी आजी ताजुद्दीन बाबांच्या नावानं हात जोडायची. त्याच आजीनं मला बजावून ठेवलं होतं, शाळेत आईचं काही सांगायचं नाही. संत वेड्यांमध्ये राहिले म्हणून त्या जागेला नमस्कार, आणि आपली आई आजारी आहे हे मात्र कोणाला कळू द्यायचं नाही. नवव्या वर्षी या दोन गोष्टी एकाच मनात ठेवायच्या होत्या. मी ठेवल्या.

तुम्ही रुग्णाला महिन्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटं पाहता. मी आईला चोवीस तास पाहत होते. म्हणून सांगते, आजार उलटतोय हे घरातल्या लेकराला सगळ्यात आधी कळतं. आईच्या चालण्याचा वेग बदलायचा. गजरा एकाऐवजी तीन व्हायचे. दारातली रांगोळी फाटकापर्यंत जायची. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातून स्टीलच्या डब्यांचा आवाज आला की मी अंथरुणात पडल्या पडल्या समजायचे, आता सुरू झालं. मग चार-पाच दिवसांनी ती इतवारीत जायची आणि ओळखीच्या दुकानातून उधारीवर साड्या आणायची, एकदा तर अकरा आणल्या. बाबा हात जोडून परत करायला जायचे. त्यानंतर, कधी दोन महिन्यांनी, कधी चार, उलट बाजू यायची. आई भिंतीकडे तोंड करून झोपायची. आंघोळ नाही, बोलणं नाही. मी खिचडी करायचे, तीच सकाळी, तीच रात्री. भावाची बटणं लावायचे. माझ्या वेण्या मात्र मला घालता यायच्या नाहीत. एक वेणी कशीतरी जमायची आणि शाळेत दोन लागायच्या, लाल रिबिनीसकट. त्यावरून मी किती वेळा वर्गाबाहेर उभी राहिले ते मोजलं नाही. बाईंनी कारण विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं, आजीचा शब्द होता. पण त्यांनी विचारलं नाही.

माझी ही सगळी निरीक्षणं कोणत्याही केसपेपरवर आली नाहीत. "झोप कशी आहे?" असं डॉक्टर बाबांना विचारायचे. बाबा रात्रपाळीला असायचे, त्यांना कुठून माहीत असणार? ते "ठीक आहे" म्हणायचे. मी बाजूला उभी असायचे. मला पक्कं माहीत असायचं की आई सहा रात्री झोपलेली नाही.

आता जे लिहिणार आहे ते मी आजवर दोघातिघांनाच सांगितलं आहे.

मी अकरा वर्षांची होते. आई गोळ्या घेईना. जिभेखाली धरायची, मग मोरीत थुंकायची. मला माहीत होतं, कारण मोरी मीच धुवायचे. दवाखान्यात बाबांना सांगण्यात आलं, "कसंही करून गोळी पोटात गेली पाहिजे." हे वाक्य म्हणणाऱ्याला त्यात वावगं काही वाटलं नसेल. रोज पन्नास घरांना तो हेच सांगत असेल. पण ते वाक्य आमच्या घरी आलं आणि माझ्या हातात पडलं. बाबा रात्री घरी नसणार, म्हणून त्यांनी मला शिकवलं: गोळी चमच्यानं दाबून चुरायची, कागदावर घ्यायची, वरणात ढवळायची. आठ दिवस जमलं. नवव्या दिवशी आईनं दोन घास खाल्ले, थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. वाटी बाजूला सरकवली आणि उठली.

त्यानंतर कितीतरी महिने ती माझ्या हातचं काही खाईना. मी पाणी दिलं तरी ते ओतून टाकायची आणि स्वतः माठातून घ्यायची. आपल्याला कोणीतरी विष घालतंय असं तिला आजारात वाटायचं, आणि मी तिच्या त्या भीतीला पुरावा दिला होता. तो भ्रम होता हे तुम्हाला कळतं. अकराव्या वर्षी मला एवढंच कळत होतं, की आईला माझी भीती वाटते.

डॉक्टरसाहेब, मी दोष द्यायला बसलेले नाही. त्या दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही, आणि त्याच डॉक्टरांच्या औषधांनी माझी आई आज अडुसष्टाव्या वर्षी स्वतःची भाजी स्वतः निवडते हेही तितकंच खरं आहे. मला फक्त एवढं म्हणायचं आहे, की 'कसंही करून द्या' म्हणण्याआधी ते देणारे हात कोणाचे आहेत हे विचारा. तेव्हा कोणी विचारलं असतं, तर कदाचित महिन्याच्या इंजेक्शनचा विचार झाला असता, शेजारच्या काकूंना सांगितलं गेलं असतं, बाबांच्या साहेबांना काही महिने फक्त दिवसपाळी देण्यासाठी चिठ्ठी गेली असती. यातलं काहीही चाललं असतं. मुलीच्या हातून आईच्या जेवणात लपवून औषध मात्र नको होतं.

दुसरी गोष्ट १९९५च्या मे महिन्यातली. नागपूरचा मे मी तुम्हाला सांगायला नको. पंचेचाळीसच्या वर पारा, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरच्या टाकीत घालायला नळाला पाणी नाही. आई तेव्हा लिथियम या बायपोलरवरच्या औषधावर होती आणि बरी होती. गच्चीवर कुरडया घालत होती, घालता घालता गात होती. तिचा आवाज फार चांगला आहे. मग तिला जुलाब सुरू झाले. ऊन बाधलं म्हणून आजीनं कांदा दिला, पन्हं दिलं. दुसऱ्या दिवशी आईचे हात थरथरायला लागले, चहाची बशी धरवेना. तिसऱ्या दिवशी ती चालताना भिंत धरायला लागली आणि तिचं बोलणं जड झालं. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "पुन्हा तेच होऊन राहिलं का गं तुझ्या आईला?" मी हो म्हणाले. मलाही तेच वाटलं होतं. आम्ही तिला निजवून ठेवलं. गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत हे एवढं मनावर ठसवलेलं होतं, की त्या तीन दिवसांतही मी लिथियमची प्रत्येक गोळी वेळेवर दिली.

तुम्ही वाचता वाचताच ओळखलं असेल. घाम आणि जुलाबांनी अंगातलं पाणी, मीठ गेलं की लिथियम मूत्रपिंडातून बाहेर पडायचं कमी होतं आणि रक्तात साठत जातं. पातळी साधारण ०.६ ते १.२च्या मध्ये हवी, दीडच्या वर गेली की विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात. चौथ्या दिवशी आमचे घरचे डॉक्टर दुसऱ्याच कामाला आले होते. त्यांनी आईचे हात पाहिले आणि तिला तडक भरती करायला लावलं. ती वाचली. नंतर बाबांना कोणीतरी समजावून सांगितलं: उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही, मीठ एकाएकी बंद करायचं नाही, उलट्या-जुलाब लागले किंवा हात जास्त थरथरले तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. तीन ओळींची माहिती. तेरा वर्षांच्या मुलीला ती सहज कळली असती, आणि ती पाठ करून मी रोज रात्री स्वतःशी म्हटली असती. पण गोळ्या देणारी मी होते हे कोणाला ठाऊकच नव्हतं, मग मला कोण सांगणार?

आजही तुमच्यापैकी कितीजण लिथियम लिहून देताना मार्च-एप्रिलमध्ये घरातल्या लहानांनाही हे सांगता? सांगत असाल तर मी मनापासून आभार मानते.

मुलांच्या मनात काय चालतं तेही थोडं लिहिते, कारण मुलं ते सांगत नाहीत. पहिल्या झटक्याच्या आदल्या दिवशी मी गणितात नापास झाल्याची चिठ्ठी आईला दाखवली होती. त्यामुळेच तिचं डोकं फिरलं, असा माझा सोळाव्या वर्षापर्यंत विश्वास होता. त्यानंतर गणितात मी कधी पंच्याण्णवच्या खाली आले नाही. लोक कौतुक करायचे. ते कौतुकाचं नव्हतं, मी नवस फेडत होते. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मारबतीची मिरवणूक पाहायला महालात मामाकडे जायचो. सगळे ओरडायचे, इडा पीडा घेऊन जा गे मारबत. त्या गर्दीत मी मामाच्या खांद्यावरून घसा फुटेस्तोवर ओरडायचे, आईचा आजार घेऊन जा गे मारबत. एवढ्या आवाजात ते कोणालाच ऐकू जायचं नाही. वर्षातला तो एकच दिवस, जेव्हा मी मोठ्यानं बोलू शकत होते.

मग एकोणीस-वीसच्या वयात दुसरी भीती आली. परीक्षेच्या दिवसांत एक रात्र झोप लागली नाही, की आता माझी पाळी आली असं वाटायचं. आनंद झाला तरी भ्यायचे. फार हसतेय का मी? फार भरभर बोलतेय का? लग्नाच्या बैठकीत विचारलं गेलं, "घराण्यात काही आहे का?" आणि बाबांनी मान खाली घातली. आकडे मला फार उशिरा, स्वतः वाचून कळले. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरातल्या एकाला होतो, आई किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये शंभरात दहाजणांच्या आसपास. बायपोलरचंही साधारण तसंच. म्हणजे धोका खरा आहे, इतरांपेक्षा जास्त आहे, आणि तरीही शंभरातल्या नव्वदांना तो आजार होत नाही. या एका वाक्यासाठी मी पाच वर्षं जागून काढली. ते एखाद्या सिस्टरनं औषधं देता देता सांगितलं असतं तरी चाललं असतं.

आता कायद्याचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, मे २०१८ पासून लागू झाला. चांगला कायदा आहे, आईच्या विम्याच्या भांडणात मला त्याचा उपयोगही झाला. तो मी बारकाईनं वाचला आहे. त्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे: रुग्णासोबत राहणारी आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी असलेली व्यक्ती, नातेवाईक असो की आणखी कोणी, पैसे घेऊन करो वा न घेता. तिथे वयाची अट नाही. नऊ वर्षांची मी त्या व्याख्येत बसत होते. पण आजाराची आणि उपचाराची माहिती मिळण्याचा हक्क रुग्णाला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला आहे, आणि हा प्रतिनिधी अल्पवयीन असू शकत नाही. नसायलाच हवा, ती जबाबदारी मुलांवर कोणी टाकू नये. मात्र याचा परिणाम असा होतो, की काम करणाऱ्या हातांना माहिती मिळत नाही. रुग्णांच्या मुलांविषयी कायद्यात ठळक तरतूद आहे ती तीन वर्षांखालच्या बाळांची: आई भरती असेल तर शक्यतो बाळाला तिच्यापासून तोडायचं नाही. फार मोलाची तरतूद आहे. बाळ तीन वर्षांचं झालं की पुढे काय, याबद्दल ते कलम बोलत नाही.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं. त्या प्रौढांच्या घरात किती शाळेची दप्तरं टांगलेली असतील, याचा विचार मी तो अहवाल वाचताना करत होते.

म्हणून माझं मागणं एकच आहे. केसपेपरवर नाव, वय, पत्ता, व्यवसाय असतो. त्याखाली एक ओळ वाढवा: घरात अठरा वर्षांखालचं कोण आहे? आणि उत्तर आलं, तर पुढच्या एखाद्या भेटीत त्या मुलाला दहा मिनिटं द्या. डॉक्टरांनाच वेळ काढायला हवा असं नाही, समाजसेवा अधीक्षक किंवा सिस्टर बोलल्या तरी चालेल. त्याला खाली बसवा, त्याच्या उंचीला या, त्याचं नाव विचारा. आईला काय झालंय त्याचं नाव सांगा, कारण नाव नसलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. तुझ्यामुळे झालेलं नाही, हे त्यानं विचारलं नाही तरी सांगा. तो विचारणारच नाही. तू कितीही शहाण्यासारखा वागलास तरी तेवढ्यानं आई बरी होणार नाही, ते आमचं आणि औषधांचं काम आहे, हेही सांगा. हे ऐकून तो खट्टू होईल असं वाटेल, पण त्याच्या खांद्यावरून केवढं ओझं उतरेल ते मला माहीत आहे. रात्री काही झालं तर कोणाकडे धावायचं, ते ठरवून द्या: कोणती काकू, कोणता मामा, कोणता नंबर. आणि त्याला खेळायला जायची परवानगी द्या. खरंच द्या, तोंडानं म्हणा. आई घरात झोपलेली असताना बाहेर खेळायला जाणं हा मला गुन्हा वाटायचा.

तुमच्या अडचणी मला दिसतात. सकाळपासून रांग असते, दुपारपर्यंत मान वर करायला सवड नसते. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांतली गर्दी मी पाहते, धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांतलीही पाहते. पण याच रांगेत आपण रुग्णाचं वजन करतो, रक्तदाब घेतो, कारण ते केल्याशिवाय पुढचं चुकतं. आमच्या घरी काय चुकलं ते मी वर लिहिलं आहे.

गोपनीयतेचा प्रश्न याहून खरा आहे. रुग्णाची माहिती रुग्णाची आहे. म्हणून आधी आईला किंवा वडिलांनाच विचारायचं: तुमच्या मुलाला काय सांगू, कोणत्या शब्दांत सांगू, तुम्ही सोबत बसाल का? पुष्कळ आया घाबरतात. मुलं काढून घेतील, सासरचे कोर्टात वापरतील, अशी भीती त्यांना असते, आणि ती उगाच नसते. त्यांना आधी विश्वास द्यावा लागेल, की हा प्रश्न तुमचं मूल तुमच्याजवळ नीट राहावं म्हणून आहे. फिनलंडमध्ये 'मुलांविषयी बोलू या' अशा अर्थाच्या नावाची एक पद्धत आहे. ती आजारी पालकाशीच, दोन-तीन बैठकांत, त्याच्या मुलाविषयी बोलते: त्याचं काय चांगलं चाललंय, कुठे अडतंय, घरात आणि शाळेत कोण मदत करू शकेल. नॉर्वेत २०१० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांवर कायद्यानंच जबाबदारी आहे, की रुग्णाला लहान मुलं आहेत का हे पाहायचं आणि त्यांना माहिती आणि आधार मिळेल असं बघायचं. तिथल्यासारखी माणसं आणि पैसा आपल्याकडे नाही हे कबूल. प्रश्न विचारायला मात्र पैसा लागत नाही.

आणि प्रश्न विचारला, की हाताशी असलेल्या गोष्टी सांगता येतात. सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत पालकाचा गंभीर आजार किंवा पालक रुग्णालयात असणं अशा कौटुंबिक संकटातल्या मुलांसाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून होतो. त्यासाठी आजाराची कागदपत्रं लागतात, ती तुमच्याच हातची असतात. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. हे दोन आकडे औषधाच्या पाकिटावर पेनानं लिहून दिले तरी खूप. वॉर्डात लहान मुलांना सोडत नसाल, तर भेटीच्या वेळी बाहेर एखादा कोपरा, एखादा बाक असू द्या, जिथे आई खुर्चीत बसून मुलाच्या डोक्यावरून हात फिरवू शकेल. आई भरती होती तेव्हा सतरा दिवस मी तिला पाहिलं नव्हतं. ती मेली आहे आणि मोठी माणसं खोटं बोलताहेत, असं मी माझ्या भावाला सांगितलं होतं. त्याला ते अजून आठवतं.

शिक्षकांना वेगळं पत्र लिहायला हवं. लिहीन.

हे लिहिण्याआधी आईला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. पण मला बिचारी करू नको." म्हणून हेही लिहिते, की बरी असायची तेव्हा ती आमच्या गल्लीतली सगळ्यात मजेदार आई होती. तान्ह्या पोळ्याला तिनं आमच्या लाकडी बैलाला स्वतःच्या मोत्यांची माळ घातली होती. मला वाचायला तिनं शिकवलं, शाळेनं नंतर. आजारातही, भिंतीकडे तोंड करून पडलेली असतानाही, मी शाळेतून आले की तिचा हात पाठीमागे यायचा आणि हवेत मला शोधायचा. तो मी धरायचे.

मी नाव लिहीत नाही, कारण ते माझ्या एकटीचं नाही. पण तुमच्यापैकी कोणालाही ही ओळ केसपेपरवर घ्यायची असेल, तर मी यायला तयार आहे. शनिवारी मला अर्धा दिवस असतो. तुमच्या ओपीडीत एक खुर्ची द्या. ज्या आई-वडिलांची परवानगी असेल त्यांच्या मुलांशी मी बोलेन, तुमच्या समाजसेवा अधीक्षकांच्या देखरेखीखाली, त्या शिकवतील तसं. दर मंगळवारी अकराच्या सुमाराला आईला घेऊन येणारा तो गणवेशातला मुलगा तुम्हाला सापडेल. केसपेपर त्याच्याच हातात असतो.

आपली,
एका आईची मुलगी
मानेवाडा, नागपूर

ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. "वरण नव्हतं गं ते. कढी होती. तू पहिल्यांदाच केली होतीस." थोड्या वेळानं म्हणाली, "चांगली झाली होती."